सागाची पाने खाणाऱ्या अळ्या व त्यांचे झाडावर होणारे दूरवरचे परिणाम

भोकरदन तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग पसरलेली आहे. तेथील पानझडी वनांत पळस, धावडा, सालई या वृक्षांबरोबर सागही आढळतो. खाली केळणा व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यात कापूस, मका, सोयाबीन व मिरची ही पिके घेणारे शेतकरीही बांधावर अगर हलक्या जमिनीच्या तुकड्यावर साग लावतात. भाद्रपद-आश्विनात अशा सागाकडे पाहिले असता एखाद्या वर्षी चमत्कारिक दृश्य दिसते. सभोवती सारे हिरवेगार असताना सागाची झाडे तेवढी वणव्यात होरपळल्यासारखी तांबूस-करडी दिसू लागतात. त्यांचे एखादे पान तोडून उजेडाकडे धरले, तर हिरवा भाग जवळजवळ नाहीसा झालेला असून शिरांची केवळ जाळी उरलेली आहे, असे आढळून येते.

हे दृश्य पाहून शेतकऱ्याच्या मनात तीनपैकी एखादा विचार येतो. झाड मेले, तेव्हा ते तोडून सरपणास लावावे, हा पहिला. कापसावर फवारावयाचे औषध घरात आहेच, ते सागावर मारावे, हा दुसरा. साग पुन्हा आपोआप पालवतो, म्हणून त्याकडे लक्षच देऊ नये, हा तिसरा. यांपैकी पहिले दोन विचार घाईचे असून तिसरा अर्धाच खरा आहे. किडीच्या एका लाटेने सागाचे झाड सहसा मरत नाही, ही गोष्ट खरी. परंतु त्या लाटेची किंमत झाडाला चुकवावी लागत नाही, असे मात्र नाही. ती किंमत पुढील पंधरा-वीस वर्षांत लाकडाच्या घेरातून वसूल होते. ती केव्हा मोठी असते व केव्हा नगण्य असते, हे ओळखता आले म्हणजे खर्च कोठे करावा व कोठे टाळावा याचा निर्णय सोपा होतो.

दोन किडी, दोन वेळा

सागाच्या पानांवर प्रामुख्याने दोन प्रकारच्या अळ्या पडतात. पहिली पाने फस्त करणारी अळी होय. शास्त्रीय भाषेत तिला हिब्लिया प्युएरा म्हणतात. हिचा पतंग आकाराने मध्यम असून त्याचे पुढील पंख करड्या-तपकिरी रंगाचे व मागील पंख काळपट असतात आणि मागील पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे दिसतात. मादी कोवळ्या पानांवर एक-एक करून शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पानाची कड कापून ती स्वतःवर दुमडून घेते आणि त्या घडीत लपून राहते. मोठी झाल्यावर ती मुख्य शिरा तेवढ्या सोडून सबंध पान खाते. सुमारे दहा-बारा दिवसांत अळीची वाढ पूर्ण होते. मग ती रेशमी धाग्याने खाली उतरून पालापाचोळ्याखाली कोषात जाते व आठवडाभरात पतंग बाहेर पडतो. पहिल्या पावसानंतर सागाला कोवळी पालवी फुटते, तोच या किडीच्या लाटेचा काळ होय.

दुसरी पानांची जाळी करणारी अळी होय. युटेक्टोना मॅकॅरॅलिस हे तिचे शास्त्रीय नाव. हिचा पतंग लहान व पिवळसर असून त्याच्या पंखांवर तांबूस नागमोडी रेषा असतात. हिरवट रंगाची अळी पानावर बारीक धाग्यांचे आच्छादन विणून त्याच्या आडोशाने शिरांमधील हिरवा भाग खाते. शिरा मात्र ती खात नाही. ही अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जून झालेल्या पानांवर वाढते. वर वर्णिलेले होरपळलेले दृश्य बहुधा हिच्यामुळेच निर्माण होते.

डोळ्यांना भयंकर दिसते ते दुसऱ्या किडीचे काम. पण झाडाला अधिक जड जाते ते पहिल्या किडीचे. याचे कारण पानाच्या कामात सापडते.

पान हे झाडाचे कमावते अंग

पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार होते व त्यातून खोडाची जाडी वाढते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. त्या काळात खोडात व मुळांत साठविलेल्या पिष्टमय पदार्थांवर तो तग धरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्याच साठ्यातून नवी पालवी काढतो. ही पालवी म्हणजे झाडाने केलेली पेरणीच होय. ती ज्येष्ठ-आषाढात फस्त झाली, तर झाडाला उरल्यासुरल्या साठ्यातून पुन्हा पाने काढावी लागतात. पेरलेले बी उगवून वाया गेल्यावर शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते; पीक हाती येते, परंतु कणगीतले बियाणे दोनदा खर्ची पडते व हंगामही उशिराचा होतो. झाडाचेही तसेच घडते. उलटपक्षी आश्विनात पानांची जाळी झाली, तर वर्षाच्या वाढीचा मोठा भाग तोपर्यंत पदरात पडलेला असतो आणि ती पाने थोड्याच महिन्यांत गळावयाचीच असतात.

ही गोष्ट मोजमापाने सिद्ध झालेली आहे. केरळातील निलंबूर येथे इंग्रजी अमदानीत, १८४० नंतर सागाची लागवड सुरू झाली. तेथे केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सागाच्या कोवळ्या लागवडीत, झाडांचे वय ४ ते ८ वर्षे असताना, काही झाडे किडीपासून सुरक्षित ठेवली व काही तशीच सोडली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाने फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या वाढीत ४४ टक्के घट आढळली. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षात घेण्याजोगी घट दिसून आली नाही. निलंबूरचा पाऊस व जमीन मराठवाड्याहून फार वेगळी असल्याने ही टक्केवारी येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु लवकरची कीड वाढ खाते व उशिराची कीड बहुतांशी केवळ शोभा बिघडविते, हे त्यातील तत्त्व ध्यानात ठेवावे. जाळी करणारी अळीही जर श्रावणापूर्वीच मोठ्या प्रमाणात आली, तर तिची गणना लवकरच्या किडीतच करावी.

वाढ खुंटल्याने नेमके काय नुकसान होते, ते एका साध्या हिशेबाने कळते. समान उंचीच्या दोन झाडांतील लाकडाचे प्रमाण ढोबळमानाने त्यांच्या घेराच्या वर्गाप्रमाणे असते. एका झाडाचा घेर ५० सेंटिमीटर व दुसऱ्याचा ६० सेंटिमीटर असेल, तर ५० चा वर्ग २,५०० व ६० चा वर्ग ३,६०० होतो. घेरातील फरक केवळ १० सेंटिमीटरांचा. पण दुसऱ्या झाडात लाकूड जवळजवळ दीडपट आहे. शिवाय सागाचा भाव घेराप्रमाणे चढत जात असल्याने पैशांतील फरक याहूनही मोठा होतो.

दुसरे नुकसान आकाराचे आहे. लहान रोपाचा शेंडा अळीने खाल्ला, तर त्याखालील दोन डोळे एकदम फुटतात व खोड दुबेळके होते. पुढे कितीही चांगला पाऊस झाला, तरी त्या झाडापासून मिळणारी सरळ लाकडाची लांबी जन्मभर तेवढीच राहते.

सूचिपर्णी वनांतील अनुभव

सागाचे झाड पाने गमावूनही सहसा का जगते, हे समजण्यासाठी थंड प्रदेशातील वनांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हिमालयातील देवदार व चीड, तसेच युरोप-अमेरिकेतील पाइन, स्प्रूस व फर हे सूचिपर्णी वृक्ष होत. त्यांची पाने सुईसारखी असून ती दरवर्षी गळत नाहीत. एकेक पान झाडावर अनेक वर्षे टिकते. साग आपले भांडवल पावसाळा संपताच खोडात व मुळांत नेऊन ठेवतो, तर सूचिपर्णी वृक्षाच्या भांडवलाचा मोठा भाग पानांतच असतो. म्हणून त्याची पाने गेली की वर्षाच्या कमाईबरोबर मुद्दलही जाते आणि नवी पालवी काढण्याची त्याची शक्ती सागाच्या मानाने फारच थोडी असते. हिमालयातील देवदारावरही पाने खाणाऱ्या अळ्यांच्या लाटा अधूनमधून येतात व त्यानंतर दुर्बळ झालेली काही झाडे वाळतात.

कॅनडाच्या पूर्व भागात स्प्रूस व फर या वृक्षांचे कोंब खाणारी एक अळी आहे. साधारणपणे ३० ते ४० वर्षांच्या अंतराने तिची मोठी लाट उसळते. एका वर्षाच्या हल्ल्याने झाड मरत नाही. परंतु लाट सलग चार-पाच वर्षे टिकली, म्हणजे जुनी पाने गळून जातात, नवी उरत नाहीत व मैलच्या मैल वन वाळून जाते.

कॅनडाच्याच पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याहूनही मोठी आपत्ती आली. तेथील पाइन वृक्षांच्या सालीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा पोखरतो व आपल्यासोबत बुरशीही आत नेतो. १९९० नंतरच्या दशकात त्याची संख्या वाढू लागली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वनक्षेत्र कमीअधिक प्रमाणात बाधित झाले. पूर्वी कडाक्याच्या थंडीत या किडीच्या अळ्या मोठ्या संख्येने मरत असत. हिवाळे सौम्य होत गेल्याने त्या वाचू लागल्या. शिवाय अनेक वर्षे वणवे विझविले गेल्यामुळे एकाच जातीची, सारख्या वयाची, म्हातारी झाडे मैलोगणती दाटीने उभी होती. किडीला याहून सोयीचे शेत कोणते असणार?

त्या वनाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मेलेल्या झाडांचे लाकूड काही वर्षेच उपयोगाचे राहिले. प्रथम लाकूड कापण्याच्या गिरण्यांना भरपूर काम मिळाले, नंतर माल संपल्याने अनेक गिरण्या बंद पडल्या व त्यांवर जगणाऱ्या गावांचा रोजगार गेला. सावली नाहीशी झाल्याने डोंगरावरील बर्फ लवकर वितळू लागले व ओढ्यांच्या पाण्याचे वेळापत्रक बदलले. जी वने हवेतील कर्बवायू शोषून घेत असत, तीच झाडे कुजू लागल्याने तो बाहेर टाकू लागली. कीड ओसरल्यावरही तिचे परिणाम पिढीभर टिकतात, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

दुर्बळ झाड व खोडकिडा

असा प्रकार परदेशातच घडतो, असे मात्र समजू नये. शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला व दिंडोरी या भागांतील सालवनांत १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी लाट आली आणि लाखो सालवृक्ष बाधित झाले. या भुंगेऱ्याची अळी सालीखालून थेट खोडाच्या गाभ्यात शिरत असल्याने झाड वाळते. एरवी ही कीड दुर्बळ व पडलेल्या झाडांवर गुजराण करते; संख्या बेसुमार वाढली म्हणजे ती धडधाकट झाडांवरही चाल करते.

या किडीवर योजण्यात येणारा उपाय ग्रामीण कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखा आहे. पावसाळ्याच्या आरंभी भुंगेरे बाहेर पडतात व सालाच्या ताज्या रसाकडे धाव घेतात. म्हणून सालाचे ओंडके तोडून त्यांची साल ठेचतात. रस पिण्यास आलेले भुंगेरे वनातील रहिवासी हातांनी वेचून मारतात व मोजून दिलेल्या भुंगेऱ्यांबद्दल त्यांना मोबदला मिळतो. किडीचा नेमका काळ व सवय ओळखणाऱ्या हातांनी, विषारी औषधाशिवाय, वनाचे रक्षण करण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठवाड्यात यावरून घेण्याजोगा बोध असा की, किडीच्या आघाताइतकेच झाडाच्या मूळच्या प्रकृतीलाही महत्त्व आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हे शेतकरी विसरलेले नाहीत. पाण्याच्या ताणाने खंगलेल्या सागावर पुढील वर्षी लवकरच्या किडीची लाट आली, तर तोच साग दोन्ही आघात एकदम सोसू शकेलच असे नाही. दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात म्हणूनच झाडांवर विशेष लक्ष ठेवावे.

मित्र कीटक व मिश्र झाडोरा

अळ्यांची लाट जशी उसळते, तशी ती ओसरतेही. कारण अळ्यांना शत्रू पुष्कळ आहेत. कोतवाल, साळुंकी इत्यादी पक्षी त्यांना वेचून खातात. परोपजीवी गांधीलमाश्या व माश्या त्यांच्या शरीरात अंडी घालतात. पाने फस्त करणाऱ्या अळीस विषाणूचा एक रोगही होतो. त्याने मेलेली अळी मऊ पडून पाझरते व तिच्यातील विषाणू इतर अळ्यांत पसरतो. केरळच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूचा किडीच्या नियंत्रणासाठी उपयोगही करून पाहिला आहे. अळ्यांची विष्ठा जमिनीवर पडून खत म्हणून झाडाला परत मिळते, हीही त्यातली एक जमेची बाजू आहे.

हे मित्र कीटक वर्षभर टिकावेत, तर सागावर अळ्या नसतानाच्या काळात त्यांना आसरा व अन्न पाहिजे. १९३० नंतरच्या दशकातच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी सागाखाली व आसपास निवडक स्थानिक झाडोरा राखण्याची शिफारस केली होती, ती याच कारणाने. संबंध बांधावर केवळ साग लावण्याऐवजी अधूनमधून निंब, करंज, आवळा, सीताफळ यांसारखी झाडे लावावीत. त्यामुळे किडीला सलग रान मिळत नाही व शेतकऱ्यालाही निराळे उत्पन्न होते.

काय करावे व काय टाळावे

१. पाने जाळीदार झाली म्हणून झाड तोडू नये. कोवळ्या फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवा थर दिसला, तर झाड जिवंत आहे. शिवाय साग हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखालील अनुसूचित वृक्ष असल्याने परवानगीवाचून तो तोडता येत नाही.

२. आश्विन-कार्तिकात जाळी पडलेल्या मोठ्या झाडांवर फवारणीचा खर्च करू नये. त्याचा लाभ जवळजवळ काहीच होत नाही.

३. उंच झाडावर विषारी औषध फवारणे अत्यंत धोक्याचे आहे. डोक्याच्या वर फवारलेले औषध तोंडावर व अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे तर पीक पुरुषभर उंचीचे होते. साग त्याच्या कित्येक पट उंच असतो. याखेरीज औषधाने मित्र कीटकही मरतात, ते निराळेच.

४. तीन वर्षांपर्यंतच्या रोपांची मात्र कसोशीने निगा राखावी. पहिल्या पावसानंतर दर तीन-चार दिवसांनी कोवळी पाने पाहावीत. कड दुमडलेली पाने चिरडून अगर तोडून अळ्या नष्ट कराव्यात. गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी व सकाळी फडक्यातून पिळून गाळावी. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून तो त्यात मिसळावा. या १० लिटर अर्कात ९० लिटर पाणी घालून तो त्याच दिवशी वापरावा.

५. शेंडा खाल्ल्यामुळे दोन फुटवे आले असतील, तर बोटाएवढे जाड होण्यापूर्वीच सरळ वाढणारा एक ठेवून दुसरा धारदार कात्रीने काढावा. कोयत्याने फांद्या ओरबाडून काढू नयेत. अशा जखमांतून खोड पोखरणारी कीड आत शिरते.

६. झाडाखालील पाचोळा पेटवू नये. आगीत कोषांबरोबर मित्र कीटक व जमिनीचा ओलावा टिकविणारे आच्छादनही जाते आणि सालीला जखमा होतात. कीड फार असलेल्या ठिकाणचा पाचोळा गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात शेण व मातीखाली दाबावा.

७. लवकरच्या किडीने पाने गेली असतील, तर बुंध्याभोवतीचे तण काढून पावसाचे पाणी मुरेल असे आळे करावे. दुसरी पालवी काढण्यास झाडाला तेवढीच मदत होते.

पानांची आणेवारी

पिकाची आणेवारी गावाला परिचित आहे. तीच रीत सागाला लावावी. बांधावरील दहा झाडे निवडून त्यांच्या खोडावर जमिनीपासून साडेचार फुटांवर रंगाचा पट्टा मारावा. आषाढ, भाद्रपद व आश्विन या तीन महिन्यांत एकेकदा झाडे पाहून किती आणे पाने खाल्ली गेली, याचा अंदाज वहीत लिहावा. सारी पाने गेली तर सोळा आणे, निम्मी गेली तर आठ आणे. माघात पाने गळल्यावर त्याच पट्ट्यावर दोरीने घेर मोजून लिहावा.

तीन-चार वर्षांत ही वही बोलू लागेल. ज्या वर्षी आषाढात बारा आणे पाने गेली, त्या वर्षी घेर किती वाढला. ज्या वर्षी आश्विनात तेवढीच गेली, त्या वर्षी किती वाढला, हे शेतकऱ्याला आपल्याच झाडावरून पडताळता येईल. आषाढातील नोंद सलग दोन वर्षे आठ आण्यांवर गेली, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती तालुका कृषी अधिकारी व वन विभागाच्या कार्यालयास कळवावी आणि खरपुडी अगर बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. अळ्यांचा नमुना पानासह कागदी पिशवीत नेल्यास कीड ओळखणे सुलभ होते.

साग लावणारा शेतकरी बहुधा पुढच्या पिढीसाठी साग लावतो. अशा झाडाचा निर्णय एका हंगामातील भीतीवर सोपवून चालणार नाही. आषाढात कोवळ्या पानावर नजर, आश्विनात धीर आणि माघात दोरीने मोजमाप, एवढी शिस्त पाळली, तर किडीच्या लाटा येऊन गेल्या तरी बांधावरचा साग उभा राहील व त्याचा घेरही वाढत राहील.